न आठवणारा गोल

रोझोकचा, त्या लांबट पावाचा, घास तोडला आणि कोर्नेल बाबियाकच्या तोंडातले वरचे चार खोटे दात निघून समोरच्या कागदी ताटलीत पडले. आवाज झाला नाही. मेयोनेझमध्ये कालवलेल्या गार, आंबट माशाचा ढीग ताटलीत होता, त्यात ते अलगद रुतले. गुलाबी हिरडीची कड तेवढी वर राहिली. कोर्नेल तिच्याकडे बघत राहिला. ही ट्रेस्का तो लहानपणापासून खात आला होता. या शहरात कोण खात नाही? शाळेतून येताना, कारखान्यातून येताना, दवाखान्यातून येताना माणसं इथे थांबतात, उंच टेबलाशी उभी राहून ट्रेस्का आणि दोन लांबट पाव खातात, बोटं पुसतात आणि चालू लागतात. सामन्याच्या दिवशी दुपारी इथे येऊन खायचं हा तर तो आइस हॉकी खेळत असल्यापासूनचा त्याचा रिवाज. पण आज त्या पांढऱ्या चिकट ढिगात त्याला मासा दिसेना. कुणाच्या तरी पोटात एकदा जाऊन परत आलेलं काहीतरी आपल्यासमोर वाढलं आहे, असं त्याला वाटलं. आणि तो इतका वेळ त्यातलं खात होता.

टेबलाच्या पलीकडे लोकरी टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. त्याने पाव चघळायचा थांबवला.

"तेच ना हे?"

कोर्नेलने ताटलीवर हात आडवा धरला.

"लपवता कशाला, बाबियाकसाहेब? अख्ख्या कोशित्सेला ठाऊक आहेत तुमचे दात." मग काउंटरकडे वळून तो म्हणाला, "मार्गिता, अगं इकडे ये. दात पाडून गोल मारणारा माणूस आलाय."

"येऊ देत," काउंटरमागची बाई वजनकाट्यावरून नजर न काढता म्हणाली. "माझ्या नवऱ्याचे पण पडतात. तो गोल नाही मारत, घोरतो."

म्हातारा हसला. त्याच्या मिशीला मेयोनेझ लागलं होतं. "मी होतो त्या दिवशी. उभ्याच्या जागेत, अगदी फळीला नाक लावून. चकती तोंडावर आली, तुम्ही दात हातमोज्यात थुंकलात, मोजा बाकावर फेकलात आणि परत बर्फावर. तिसऱ्या भागात एकट्याने निघालात. दोघांना चकवलंत. गोलरक्षक डावीकडे आडवा झाला आणि तुम्ही उजवीकडे टाकलीत."

"उजवीकडे वर," कोर्नेल म्हणाला. दात नसल्यामुळे शब्दाबरोबर थोडी थुंकी उडाली.

"वर. बरोबर. तुम्हालाच ठाऊक असणार." म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली. "आज पोरांना सांगा. सांगता ना दर मोठ्या सामन्याआधी? माझा भाचा गोदामात काम करतो स्टेडियमच्या, तो म्हणतो, बाहेर ऐकू येतं. आज तर सांगाच. आज फायनल गाठायची आहे."

दोन बोटांनी दात उचलून कोर्नेल मागच्या मोरीकडे गेला. नळाचं पाणी गार होतं आणि मेयोनेझ गार पाण्याने निघत नव्हतं. ते दातांच्या फटीत, हिरडीच्या वळणात, तारेच्या आकड्यात पांढरं पांढरं भरून राहिलं होतं. तो अंगठ्याने घासत राहिला. आंबट वास वर आला. हा वास त्याने आज सकाळी एकदा घेतला होता. कुठे, हे आठवायच्या आधीच त्याला मळमळलं. बेसिनची कड धरून तो उभा राहिला आणि मग त्याला सकाळचा तादको दिसला, त्याच्या संघातला बचावाचा खेळाडू, बर्फाच्या रिंगणाच्या कठड्यावर ओणवा झालेला, हेल्मेट घातलेलं डोकं पलीकडे लोंबत असलेला.

ऑगस्टात रिंगणात पहिल्यांदा बर्फ धरतो तेव्हाची ही जुनी चाल आहे. पहिल्या आठवड्यात ट्रेनर पोरांना इतकं पळवतो की बाकाशेजारी बादली ठेवावी लागते. जो पहिला ओकेल त्याच्यासाठी सगळे थांबतात आणि आपापल्या स्टिकची पाती बर्फावर आपटतात. टाळ्यांची आपली पद्धत. कोर्नेल सतरा वर्षांचा असताना त्याच्यासाठी पहिल्यांदा तशा स्टिक वाजल्या होत्या आणि त्याला आईच्या शाबासकीपेक्षा ती जास्त गोड लागली होती. म्हातारा ट्रेनर गाल्लिक म्हणायचा, पोट बाहेर आलं, आता काळीज काम करेल. पुढे कोर्नेल स्वतः ट्रेनर झाला तेव्हा हेच वाक्य त्याच्या तोंडी आलं. नको म्हणावं असं त्यात काही आहे, हे त्याला सुचलं नाही. बादली येत राहिली. धुवायचं काम नवख्यांकडे राहिलं.

पण ऑगस्ट नव्हता. मार्च होता. सामन्याच्या सकाळी पाय मोकळे करायला पोरं घटकाभर नुसती सरकतात, घामसुद्धा येत नाही. त्यात तादको कठड्यापाशी गेला, वाकला आणि ओकला. एक स्टिक वाजली. मग दुसरी. मग सगळ्या. "ऑगस्ट आला वाटतं, तादको," कप्तान बोहुश ओरडला. "काल हालुश्की किती चापल्यास?" कुणीतरी म्हणालं, "बायकोला मुलगा होणारसं दिसतंय, ओकाऱ्या हा काढतोय." तादकोने तोंड पुसलं आणि स्टिक वर करून मानवंदना स्वीकारली. हसलासुद्धा. कोर्नेलच्या हातात त्याची स्वतःची जुनी स्टिक होती. तीही दोनदा बर्फावर आपटली. त्याने आपटली असं म्हणता येणार नाही कदाचित. मनगट सवयीने हललं. पण मनगट त्याचंच होतं.

परवाच्या सहाव्या सामन्यात तादकोला मागून धक्का बसला होता. डोकं काचेवर आपटलं. थोडा वेळ तो बर्फावर गुडघ्यांवर बसून राहिला, काहीतरी हरवलं आहे आणि ते शोधतो आहे असा. डॉक्टरने डोळ्यात उजेड टाकला, वार विचारला, शहर विचारलं. त्याने दोन्ही बरोबर सांगितलं. तिसऱ्या भागात त्याच्याच पासवर बोहुशने गोल केला आणि मालिका बरोबरीत आली. आज सातवा सामना. आज जो हरेल तो घरी. आणि संघात तादकोइतका चांगला बचाव करणारा दुसरा कुणी नव्हता. हे सगळं कोर्नेलला बेसिनपाशी उभं राहून नव्याने कळत होतं, आणि हे सकाळीच कळायला हवं होतं हेही. नुसत्या सरकण्याने कुणी ओकत नाही. एवढी साधी गोष्ट. वीसबावीस पुरुष तिथे उभे होते, सगळ्यांचा जन्म बर्फावर गेलेला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दात धुतले तरी तो ते तोंडात घालू शकला नाही. रुमालात गुंडाळून त्याने ते कोटाच्या खिशात ठेवले. बाहेर आल्यावर म्हातारा म्हणाला, "ताटली तशीच आहे हो तुमची." कोर्नेलने न ऐकल्यासारखं केलं.

तो ट्रामने गेला नाही, चालत निघाला. ट्राममध्ये लोकांनी ओळखलं असतं आणि बोलावं लागलं असतं, आणि बोलणं त्याला आयुष्यभर जड गेलं होतं. संघाच्या बसमध्ये तो मागे बसून पुस्तक वाचायचा. पोरं त्याला प्रोफेसर म्हणायची. त्यात प्रेम किती आणि कुचेष्टा किती हे त्याला कधी नीट उमगलं नाही, अजूनही नाही. लष्कराच्या संघात दोन वर्षं काढली तेव्हा तिथल्या सार्जंटने त्याची पुस्तकं ओल्या मोज्यांखाली दडपून ठेवली होती. पानांना घामाचा वास लागला तो गेलाच नाही. पण त्या वासाचा तिटकारा आज वाटतो आहे तसा तेव्हा वाटला नव्हता, हे खरं. तेव्हा वाटायचं, पुरुषांच्या जगाला असाच वास येत असणार, सवय करायची. हातमोज्यांचा वास तर असा की हात तीनदा साबणाने धुतले तरी जेवताना चमच्याबरोबर तोंडाशी यायचा. लग्नाच्या सुरुवातीला झेल्मीरा रात्री त्याचा हात बाजूला करायची. आणि बाकाखालची ती जमीन. खेळाडू सतत थुंकतात. सामना संपेपर्यंत बाकाखाली थुंकी, पाणी आणि वितळलेल्या बर्फाची कोमट दलदल साचते. तो वीस वर्षं त्यात पाय ठेवून बसला आणि नंतर तीस वर्षं त्यात उभा राहिला. एवढंच त्याचं करिअर. मध्ये एकदा फिनलंडमध्ये दोन हंगाम, जुनी राजवट जायच्या आधी, तेही गुडघा निकामी झाल्यावर बक्षिसासारखे मिळालेले. मग ट्रेनर. झ्वोलेन, मार्टिन, पोप्राद, पोलंडातलं एक खाणकामगारांचं गाव. बहुतेक ठिकाणी हंगाम अर्धा झाला की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, कोर्नेल, तू माणूस चांगला आहेस. मग त्याला कळायचं की सामान बांधायचं आहे. शेवटी आपल्या शहराने परत बोलावलं. का बोलावलं, तर दातांमुळे.

बोलता न येणाऱ्या माणसाला ती एक गोष्ट बोलता येत होती. मोठ्या सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये तो उभा राहायचा, गळा खाकरायचा, आणि सुरू करायचा. चकती कशी आली. दात कसे हातमोज्यात पडले, एक अजून मुळासकट होता. गाल्लिकने जुनिपरची कडक दारू तोंडात ओतली आणि विचारलं, "गिळलेस का रे दात? मग जेवण झालं. चल." पोरं इथे हसायची. मग तो त्यांना एकट्याने निघालेला तो गोल सांगायचा. निळी रेषा, पहिला, दुसरा, आडवा झालेला गोलरक्षक, उजवीकडे वर. शेवटी डावा हात वर केला, कारण उजवा मोजा नव्हता. इतकी वर्षं सांगून शब्द गुळगुळीत झाले होते, देवळातल्या पायरीसारखे. तो सांगायला लागला की त्याच्या आवाजात त्याचा नसलेला एक माणूस यायचा, धीट, रांगडा, आणि तो माणूस त्याला आवडायचा.

पण तो गोल त्याला आठवत नव्हता. कधीच आठवला नव्हता.

त्याला चकती आठवत होती. दारूची आग आठवत होती, उघड्या नसांना लागलेली. गाल्लिकच्या नाकातले केस आठवत होते. आणि त्यानंतर एकदम सकाळ, आईच्या स्वयंपाकघरात, समोर दुधात भिजवलेला पाव, आणि आई चुलीकडे तोंड करून रडते आहे. मधे काहीच नव्हतं. अंधारसुद्धा नव्हता, अंधार म्हणजे निदान काहीतरी असतं. सामना टीव्हीवर नव्हता. जे काही तो सांगत होता ते त्याला लोकांनी दिलं होतं. दोघांना चकवलं हे पेपरने. गोलरक्षक डावीकडे पडला हे त्या गोलरक्षकानेच, एकदा बियर पिताना. डावा हात वर केला हे झेल्मीराने, ती तेव्हा कठड्यापलीकडे मैत्रिणींबरोबर उभी होती. सुरुवातीला वाटलं, येईल आठवण. मग वाटलं, सांगता सांगता येईल. मग लोकांना सांगायची इतकी घाई असायची की नाही म्हणायला सवडच मिळाली नाही. आणि आता म्हातारपणी तो उभ्याच्या जागेतल्या एका म्हाताऱ्याला दुरुस्त करत होता. उजवीकडे वर. ज्याने पाहिलं त्याला, ज्याने पाहिलं नाही त्याने. हे आठवून त्याला चालता चालता थुंकावंसं वाटलं. पण रस्त्यात थुंकायचं नाही असं त्याने खेळणं सोडलं तेव्हा ठरवलं होतं. त्याने ते गिळलं. त्यात अजून मेयोनेझची चव होती.

स्टेडियमच्या मालिशच्या खोलीत दिवा बंद होता. तादको टेबलावर पाठीवर पडला होता, डोळ्यांवर ओला टॉवेल. दार उघडताच तो उठून बसला. फार पटकन. मग टेबलाची कड धरली.

"झोपलो होतो, ट्रेनर. सामन्याआधी झोपतो मी."

"पडून राहा." कोर्नेल बाकड्यावर बसला. दात नसताना आपला आवाज कुणा म्हाताऱ्या बाईसारखा येतो असं त्याला वाटलं. तादकोने टॉवेलखालून त्याच्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. त्याचं खरं नाव तादेआश. सव्वीस वर्षांचा होता. बायको झुझा सातव्या महिन्यात होती. पोराचं नाव ठरलंय का, असं विचारावं असं कोर्नेलला वाटलं आणि नको वाटलं.

"परवाचा पास," तो म्हणाला. "छान होता. मी बाकावरून नीट पाहिला नाही. कसा दिलास?"

तादको सैलावला. "चकती पायात आली, मान वर केली, तर बोहुश दुसऱ्या टोकाला एकटा. मग काय, सुईत दोरा ओवावा तसा दिला."

सुईत दोरा. परवा घरी जाताना गाडीत रेडिओवर निवेदक हेच म्हणाला होता. काल दुपारी कँटीनमध्ये बोहुश हेच म्हणाला होता, निवेदकाची नक्कल करत. आज ते तादकोच्या तोंडात होतं, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो कोर्नेलने कधी पाहिला नव्हता तरी आतून ओळखीचा होता. धड्यातलं उत्तर येत असलेल्या मुलाचा भाव. असं तर नसेल की आपल्यालाच तसं दिसतंय? आपली गोष्ट आपण याच्यावर लादतोय? स्वतःवर त्याचा कधी फारसा विश्वास नव्हता.

"मग गोल झाल्यावर तू काय केलंस?"

"हात वर केला."

"कुठला?"

हे कोर्नेलला स्वतःला आजवर कुणी विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांत कुणीच नाही. तादकोने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला, ते सांगतील म्हणून. हातांनी काही सांगितलं नाही.

"उजवा," तो म्हणाला. "बहुतेक."

"तुला आठवत नाही."

"आठवतं, ट्रेनर."

"मलाही आठवतं," कोर्नेल म्हणाला. "लोक सांगतात ते सगळं."

तादकोला त्याचा अर्थ लागला नसावा. पण बोलण्यातला सूर लागला. तो टेबलावरून खाली उतरला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे बघा. आज स्वीडनहून माणूस येतोय. तिकडच्या संघासाठी माझा खेळ बघायला येतोय. पुढच्या वर्षी कुणी येणार नाही, मला माहीत आहे, मी मूर्ख नाही. फक्त आज. उद्यापासून मी महिनाभर अंधारात पडतो, तुम्ही म्हणाल तितका. झुझा पण हेच म्हणते."

"झुझाला सांगितलंस, आज ओकलास ते?"

"सगळेच ओकतात."

"डोकं दुखतं?"

"दिवा लावू नका, बस," तादको म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे कळून त्याने टॉवेल जोरात पिळला. पाणी कोर्नेलच्या बुटांवर पडलं.

बोळात संचालक एमेरिख हुडाक भेटला. हुडाकची टायरांची दुकानं होती आणि संघ त्याच्या खिशातून चालत असे. त्याने कोर्नेलच्या दंडाला धरलं. त्याच्या हाताला अत्तर आणि धुरावलेल्या चीझचा वास होता. वर पाहुण्यांसाठी ताटं लागली असणार.

"दात कुठे गेले?"

"खिशात."

"वा. तयारी जोरात आहे म्हणायची." हुडाक हसला, मग आवाज उतरवला. "तादकोच्या खोलीतून आलात ना? डॉक्टर हो म्हणतोय. पोरगा हो म्हणतोय. आता तुम्ही काही काढू नका, ट्रेनर."

"तो सकाळी ओकला."

"ऐकलं. पोरांनी स्टिक वाजवल्या. चांगली लक्षणं आहेत."

"एमेरिख, तो नुसता सरकत होता."

हुडाक वाईट माणूस नव्हता; हीच अडचण होती. "तुम्ही," तो म्हणाला, "तोंडातून रक्त गळत असताना तिसरा भाग खेळलात. मी सहा वर्षांचा होतो, बाबांच्या खांद्यावर. त्या दिवशी मी ठरवलं की मोठेपणी हॉकीशिवाय काही करणार नाही. पाय वाकडे निघाले, म्हणून टायर विकतो. शरदात तुमची जर्सी मानाने स्टेडियमच्या छताला टांगायची आहे, लोकांना सांगून झालंय. आणि आज तुम्हीच मला सांगताय की पोरगा ओकला?" त्याने कोर्नेलच्या गालावर दोन हलक्या थापट्या मारल्या, घोड्याला मारतात तशा. "जा. दातांची गोष्ट सांगा त्यांना."

गालावर तो चीझचा वास राहिला. कोर्नेलने बाहीने गाल पुसला, मग बाही नको झाली. वाद घालायला हवा होता. शब्द होते, ते बोळ रिकामा झाल्यावर आले, नेहमीप्रमाणे, एकापाठोपाठ एक, नीट जुळलेले. लोक ज्याला धैर्य म्हणून खांद्यावर मुलं घेऊन बघायला आले होते, ते चालताबोलता झोपलेलं एक शरीर होतं. गाल्लिकने त्याला बर्फावर ढकललं आणि शरीर सवयीने सरकलं. मनगट हललं. आज सकाळी हललं तसंच. कदाचित आयुष्यात त्याने स्वतः म्हणून काही केलंच नव्हतं, जे काही केलं ते मनगटाने. आणि शरदात ते छताला टांगणार होते. घाम धुतलेली, इस्त्री केलेली, आत कुणी नसलेली जर्सी.

ड्रेसिंग रूममध्ये पोरं तयार बसली होती. काही जण अमोनियाच्या कुप्या नाकाशी धरून झटका घेत होते आणि डोळ्यांत पाणी आणून खिदळत होते. बुटांचा, ओल्या चामड्याचा, मलमाचा आणि त्या अमोनियाचा असा एक वास खोलीत उभा होता, भिंतीसारखा. तादको कोपऱ्यात होता. पूर्ण पोशाखात, हेल्मेटसकट, स्केटच्या नाड्या घट्ट आवळलेल्या. तो जमिनीकडे बघत होता.

कोर्नेलने संघ वाचला. आधी हल्ला करणारे. मग म्हणाला, "बचावाच्या पहिल्या जोडीत तादकोऐवजी विन्सो."

बोहुश म्हणाला, "ट्रेनर, दात नाहीत म्हणून नीट ऐकू आलं नाही. कोण?"

"विन्सो."

"चेष्टा करताय?"

"नाही."

विन्सोने आपली कुपी खाली ठेवली. तो एकोणीस वर्षांचा होता आणि रंग उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. तादकोने मान वर केली नाही. वरून, छतातून, ढोल ऐकू येत होता. लोक भरायला लागले होते. बोहुश उठून उभा राहिला, मग बसला. "ठीक आहे," तो म्हणाला, ठीक नाही अशा आवाजात. "मग निदान गोष्ट तरी सांगा. तिच्याशिवाय आम्ही बाहेर पडत नाही."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. कोर्नेलने गळा खाकरला. तो धीट, रांगडा माणूस घशापर्यंत आला, वाट बघत उभा राहिला. कोर्नेलला त्याची किळस आली.

"तो गोल मला आठवत नाही," तो म्हणाला. फटीतून वारा जात होता आणि शब्द ओले होऊन बाहेर पडत होते. "दात पडले ते आठवतं. गाल्लिकने तोंडात दारू ओतली ते आठवतं. त्यानंतर मी आईच्या स्वयंपाकघरात होतो आणि सकाळ झाली होती. मधलं तुम्ही सांगता. पेपरने सांगितलं, बायकोने सांगितलं. मी तिथे नव्हतो. तादकोही परवा तिसऱ्या भागात नव्हता. मी त्याला विचारलं. म्हणून तो आज खेळणार नाही."

त्याला वाटलं होतं, हसतील. किंवा चिडतील. तसं काही झालं नाही आणि त्याला क्षणभर हलकं वाटलं, पोट रिकामं झाल्यावर वाटतं तसं. मग मागून कुणीतरी, बहुतेक दुसरा गोलरक्षक, दबलेल्या आवाजात म्हणालं, "शुद्ध नसताना मारला. आयला. शुद्ध नसताना."

"आणि आजवर बोलला नाही म्हातारा," आणखी कुणीतरी म्हणालं.

एक स्टिक रबरी जमिनीवर आपटली. मग दुसरी. मग सगळ्या. डोळ्यांत अमोनियाचं पाणी, चेहरे लाल, सगळे त्याच्याकडे बघून स्टिक आपटत होते, आजवर कधी आपटल्या नव्हत्या तितक्या जोरात. सकाळचाच आवाज. त्यांनी गोष्टीचा नवा, जास्त चांगला शेवट ऐकला होता. उद्या तो शहरभर होईल. ट्रेस्काच्या दुकानातला म्हातारा म्हणेल, मला तेव्हाच शंका आली होती. कोर्नेलने हात वर करून थांबवायचा प्रयत्न केला, पण हात वर केलेला बघून त्यांनी आणखी जोर केला. काय केलं असतं म्हणजे यांनी टाळ्या वाजवल्या नसत्या, हे त्याला कळेना.

तेव्हा त्याला तादको दिसला. तादकोची स्टिक खाली पडली होती. हेल्मेट काढून त्याने दोन्ही हातमोजे कानांवर दाबून धरले होते, कोपरं गुडघ्यांत रोवून, डोळे घट्ट मिटून, आणि प्रत्येक ठोक्याला त्याचे खांदे मारल्यासारखे आक्रसत होते.

बोहुश त्याच्या शेजारी होता. त्याची स्टिक वर गेलेली होती, ती खाली आली नाही. त्याने शेजाऱ्याची स्टिक धरली. मग पलीकडची थांबली. एकेक करून थांबल्या, सगळ्यात शेवटी विन्सोची, तो डोळे मिटून आपटत होता. आवाज संपला तरी तादकोने हात काढले नाहीत. त्याला संपल्याचं कळलंच नव्हतं.

कोर्नेल खोली ओलांडून गेला आणि आपल्या निकामी गुडघ्यावर बसला. बसताना गुडघ्याने आवाज केला. तादकोचा पाय त्याने मांडीवर घेतला. चामडं ओलं होतं, आणि इतक्या जवळून तो वास थेट घशात उतरला, घाम, बुरशी, जुनं रक्त, लष्करातली पुस्तकं. त्याला उमासा आला. त्याने तो परतवला आणि नाडी सोडायला लागला. गाठ पाण्याने फुगून दगडासारखी झाली होती. म्हातारी बोटं तिच्यावरून घसरत होती. अशी गाठ कशी सोडवायची हे कुठल्याही हॉकीपटूला लहानपणापासून ठाऊक असतं. विचार न करता त्याने तोंड खाली नेलं, नाडी ओठांत पकडली आणि ओढली. ती नुसतीच ओठांतून निसटली. दात खिशात होते.

कुणी हसलं नाही. ओठांना नाडीची खारट चव लागली होती आणि तो तसाच वाकून बसला होता.

"द्या इकडे, ट्रेनर," बोहुश म्हणाला. तो शेजारी गुडघ्यांवर टेकला आणि दुसरा पाय त्याने आपल्याकडे ओढून घेतला.